कार्ड नसलेला कॅमेरा आणि सुनंदाकाकी

शेवटची अक्षता पडली, वाजंत्री एकदम जोरात सुरू झाली आणि मी आता काढलेले फोटो बघायला बटण दाबलं. पडद्यावर लिहून आलं, ‘कार्ड नाही’.

मी दोनदा दाबलं. तिसऱ्यांदाही दाबलं. मग कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. खाच रिकामी.

गोव्यातल्या पेडण्यात माझा स्टुडिओ आहे. पंचवीस वर्षं मी लग्नांचे फोटो काढतो. हल्ली हॉलमध्ये मोठा स्क्रीन असतो आणि सगळ्यांना त्यावर हळदीचे फोटो हवे असतात. म्हणून मुहूर्ताच्या थोडं आधी मी कार्ड काढून स्क्रीनवाल्याच्या लॅपटॉपला लावलं. तेवढ्यात भटजींनी हाक मारली आणि मी तसाच धावलो. माझ्या कॅमेऱ्यात कार्ड एकच बसतं. ते नसलं तर खटका दाबलाच जाऊ नये, असं एक सेटिंग असतं. ते मी कधी केलंच नव्हतं. बॅटरी वाचावी म्हणून प्रत्येक फोटो पडद्यावर दिसणंही बंद ठेवलेलं. त्यामुळे कॅमेरा खटखट वाजत राहिला आणि मी खुशीत फोटो काढत राहिलो. अंतरपाट, हार, अक्षता, काही म्हणता काही राहिलं नाही.

मी घाम पुसत होतो, तेवढ्यात सुनंदाकाकी आल्या. जवळच्याच चोपडे गावच्या. नवरीची आई. हातात रिकामा तांब्या, बोटं ओली. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या आईने मांडवात थांबायचं नाही, तुळशीला पाणी घालत राहायचं, ही आमच्याकडची रीत. हॉलच्या मागच्या तुळशीपाशी उभं राहून काकींनी लेकीचं लग्न नुसतं कानांनी ऐकलं होतं.

“दिगू, बरे इले मरे फोटो?” त्यांनी विचारलं. “माझ्या चेडवाक मी बघूक नाय. आता तुझ्या फोटोतच बघतलंय.”

खरं सांगायला तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “बरे इले, काकी.”

त्या हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचे दोन दिवस मी पाहुण्यांकडून मोबाइलवरचे फोटो गोळा केले. हातात मोबाइल नाही असा माणूस त्या हॉलमध्ये नव्हता. फोटो भरपूर आले. त्या प्रत्येक फोटोत, नवरा-नवरीच्या बरोबर समोर, निळा शर्ट घातलेली एक रुंद पाठ होती. माझी.

बायको सुषमा अल्बमचं काम करते. तिने एकेक फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, “तुमच्या पाठीचो अल्बम बरो जातलो.”

“सुषमा, चेष्टा नको.”

“मगे वचून सांगा त्या बायेक. व्हॉट्सॲपार नाका. घरा वचून सांगा.”

तिसऱ्या दिवशी चोपड्याला गेलो. काकी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातातलं सोल परत टोपलीत ठेवलं.

“म्हणजे माका ता बघूकच मेळाचा नाय?”

“काकी, रेश्मा पहिल्यांदा माहेरी येईल, तेव्हा परत तसंच उभं करून फोटो काढू. साडी तीच, हार मी आणतो.”

“काढ,” त्या म्हणाल्या. “मी भितर रवतंय. आवशीन बघूचा नसता.”

त्या रविवारी रेश्मा आली. जावई डिचोलीचा, हसतमुख. मी कान धरून माफी मागितली. तो म्हणाला, “परत लग्न? चलता. बायल तीच आसा मरे?”

अंगणात दोघांना समोरासमोर उभं केलं. अंतरपाट म्हणून पांढरी चादर. तिचं एक टोक रेश्माच्या वडिलांनी, गोपाळकाकांनी धरलं, दुसरं शेजाऱ्याने. मी कार्ड तीनदा तपासलं आणि या वेळी गुडघ्यावर बसलो.

गोपाळकाका मच्छीमार. गळा दणकट. फोटोसाठी दोघांच्या चेहऱ्यावर भाव यावा म्हणून त्यांना आठवत होतं तेवढं एक मंगलाष्टक त्यांनी म्हणायला घेतलं. पहिली ओळ कानावर पडली आणि दारात उभ्या सुनंदाकाकी आपसूक वळल्या. तांब्या नव्हता, तरी पाय अंगणातल्या तुळशीकडे चालू लागले.

रेश्माने चादरीमागून हात काढून आईचा पदर धरला. “खंय चल्लंस?”

“अगो, मंगलाष्टक...”

“आई, लगीन होऊन आठ दिस झाले. आता कोणाचो मुहूर्त चुकाचो? रव हंयसर.”

काकींनी नवऱ्याकडे बघितलं. गोपाळकाकांचा सूर मध्येच अडकला होता. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. काकी राहिल्या.

चादर खाली आली. रेश्माने वर बघितलं, खरोखरच लाजली, आणि हार घातला. मी फोटो काढत होतो, पण माझं अर्धं लक्ष काकींकडे होतं. मूठभर अक्षता हातात धरून त्या उभ्या होत्या आणि टाकायच्या विसरून गेल्या होत्या. माझेही डोळे भरून आले. त्यामुळे दोन फोटो हलले, हेही कबूल करतो.

आता ते सेटिंग मी बदललंय. कार्डाशिवाय माझा कॅमेरा आवाजसुद्धा करत नाही. धंद्यात नव्याने आलेल्यांना मी पहिल्यांदा तेच शिकवतो. दुसरं, फोटो काढताना खाली बसा. मागे माणसं असतात.

महिन्याभराने अल्बम घेऊन गेलो. रेश्माचे वडील, शेजारीण, सगळे पानं उलटायला जमले. काकी चहा करायला आत गेल्या. मी म्हटलं, “काकी, आधी तुम्ही बघा ना.”

“तेंका बघूंदे रे,” चुलीपासूनच त्या म्हणाल्या. “मी बघलंय.”