दादाचे वाढलेले चार किलो

ऐंशीचं दशक संपत आलेलं. थंडीतला रविवार, आणि आमच्या उचगावातली निम्मी गल्ली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वडगावच्या टेकडीकडे निघालेली... कारण माझा थोरला भाऊ पॅराग्लायडरनं उडणार होता!

पॅराग्लायडर शेजारच्या साहेबांचा. साहेब फौजेतून निवृत्त झालेले, कडक माणूस. तीन महिने त्यांनी दादाला आणि मला छोट्या उतारावर शिकवलं. पंख फुगवायचा, दोऱ्यांचा गुंता सोडवायचा, पुरुषभर उंचीच्या उड्या मारायच्या... पण टेकडीवरून खरं उड्डाण दादाच करणार, हे सगळ्यांनी धरलेलंच. तालमीतला गडी तो!

साहेबांचा एक नियम पक्का होता. त्या ग्लायडरला सामानासकट नव्वद किलोपर्यंतचाच माणूस चालायचा. वजन जास्त झालं की तो वेगानं खाली येतो आणि उतरताना पाय मोडायची वेळ येते. महिन्यापूर्वी दादा सामानासकट एकोणनव्वद भरला होता.

पण एवढ्या मोठ्या कामाला निघालेला गडी कोल्हापुरात साध्या जेवणावर कसा राहणार? आईनं महिनाभर खुराक लावला... बदाम घालून आटवलेलं दूध, तूप, एक दिवसाआड मटण. तालमीचे वस्ताद रोज दारात येऊन विचारायचे, "खातोय न्हवं?"

वाटेत गुऱ्हाळावर रस प्यायला थांबलो. दादा गमतीत गुळाच्या ढेपा मोजायच्या काट्यावर चढला, सगळं सामान पाठीवर घेऊनच. त्र्याण्णव! बाकीचे रसात गुंग होते, काटा बघितला फक्त मी.

"दादा, चार किलो वाढलंय."

"गप बस. चार किलोनं काय हुतंय? एवढी माणसं आल्यात..."

सांगावं तर भर गल्लीत दादाची नाचक्की, न सांगावं तर त्याच्या जिवाशी खेळ. टेकडीवर पोचल्यावर मी सरळ साहेबांकडे गेले आणि सांगून टाकलं.

साहेबांनी दादाकडे बघितलं. दादानं मान खाली घातली. "मग तू उडायचं नाहीस," साहेब एवढंच म्हणाले.

मंडळी ओरडायला लागली, "उड की रं पैलवान! भ्यालास व्हय?" मला रडूच यायला लागलं. वाटलं, आता हा जन्मभर माझ्याशी बोलणार नाही.

दादानं अंगाला बांधायच्या पट्ट्यांचा हार्नेस उचलला आणि माझ्यासमोर धरला. "साहेब, ही बसती न्हवं वजनात? हिला समदं जमतंय. मी बघितलंय की."

बसत होते. पण वारा जोराचा होता, म्हणून साहेबांनी तासभर नुसतं बसवून ठेवलं. मंडळी कंटाळली, निम्मी खाली उतरून गेली. मग वारा बेताचा झाला, समोरून यायला लागला आणि साहेबांनी मान हलवली... चार पावलं पळाले, पाचवं जमिनीला लागलंच नाही!

खाली उसाचे फड, पलीकडे उतरण्यासाठी चुन्यानं आखलेलं मोकळं रान. कानात नुसता वारा. खालून ओरडा आला, "आनी येक चक्कर मार की!" मोह झाला, खोटं कशाला सांगू... पण तेवढी उंची उरली नव्हती. वाऱ्याकडे तोंड केलं, दोन्ही हातांतल्या ब्रेकच्या दोऱ्या वेळेवर ओढल्या आणि आखलेल्या रानात दोन पायांवर उतरले.

टेकडी धावत उतरून दादा धापा टाकत आला. कुस्ती मारलेल्या पैलवानाला उचलतात तसं त्यानं मला खांद्यावर घेतलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "माझं वजन जास्त हुतं! मी लपवत हुतो, हिनं मला अडवलं. आनी बघा, उडाली कशी!"

उडाल्याचा अभिमान मला आजही आहे. पण स्वतःची चूक त्या गर्दीत स्वतःच ओरडून सांगणाऱ्या माझ्या भावाचा अभिमान त्याहून जास्त आहे... दादा, हे तुला कधी तोंडावर म्हणाले नव्हते. आज म्हणते.