पाहुण्यांसमोर त्याने सांगितलं

धुळ्यात शिकत असताना आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. मी डी.एड.ला होतो, तो चित्रकला शिकायचा. त्याच्या नखांत अडकलेला रंग मी रॉकेलच्या बोळ्याने काढून द्यायचो. प्रेम हा शब्द आम्ही कधी उच्चारला नाही, पण होतं ते तेच.

पुढे त्याला पाचोऱ्याला, त्याच्याच गावच्या शाळेत नोकरी लागली, मला धुळ्यातच. दुसऱ्या वर्षी त्याची पत्रं थांबली. चाळीसगावला गाडी बदलून मी त्याच्या गावी गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. दीड महिना शाळेत गेला नव्हता, आंघोळही नव्हती.

"दुखत काही नाही रे," तो म्हणाला. "उठावंसंच वाटत नाही."

त्याच्या आईने मला ओट्यावर नेलं. "बठ्ठं करी दखं. धागा, अंगारा. आते तूच सांग." सगळे उपाय करून ती थकली होती.

मी त्याला धुळ्यात मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "बरं वाटलं तरी थांबवायच्या नाहीत." दोनेक महिन्यांत तो दाढी करून शाळेत जाऊ लागला. एकदा हसलाही.

मग थोरल्या भावाने त्याच्यासाठी मुलगी पाहिली. तो तडक माझ्याकडे आला.

"मी इथेच राहायला येतो. शाळा शोधेन."

"घरमालक काय म्हणतील?" मी म्हणालो. "लोक काय समजतील?"

त्याने परत विचारलं नाही.

मुलीकडचे घर बघायला आले त्या दिवशी मीही तिथे होतो. भावाने गोळ्या धान्याच्या कोठीमागे लपवल्या होत्या. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "गुरुजी, व्यसन वगैरे काही?"

"व्यसन नाही," तो शांतपणे म्हणाला. "मनाचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत. आणि मला लग्न करायचं नाही. तुमच्या मुलीची फसगत व्हायला नको."

पाहुणे चहा तसाच ठेवून उठले. ते गेल्यावर भावाने गोळ्या चुलीत टाकल्या आणि मला परत उंबरा चढू नकोस म्हणून सांगितलं. मी नाही चढलो. गोळ्या पोस्टाने पाठवता आल्या असत्या, पण पाकीट कोण फोडेल या भीतीने तेही केलं नाही. चार महिन्यांनी आईने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं. त्याने अन्न सोडलं होतं, म्हणून त्याला पुण्याला दवाखान्यात ठेवलं होतं.

वर्षभराने तो परत आला. हात थरथरायचे, चित्र काढणं सुटलं होतं. आता मात्र मी दर रविवारी जायचो. भाऊ अडवायचा नाही. आई मागच्या दारी भांडी घासायला बसायची आणि लवकर आत यायची नाही. मी एकदा त्याला म्हणालो, "तेव्हा तुला नको म्हणालो, चुकलं माझं."

"आजार तुझ्यामुळे आला नाही," तो म्हणाला. "पण आलो असतो तर बरं झालं असतं."

तीन वर्षांनी तो काविळीने गेला. भावाने लोकांना माझी ओळख करून दिली, "हे त्याच्यासंगे शिकायला होते." दहाव्याला मला बोलावणं आलं नाही. तरी गेलो.