दोन काठांचा शिधा

एकोणीसशे पन्नासच्या दशकात आमची सॅपर, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअरांची, तुकडी रस्त्याच्या पाहणीसाठी भामरागडला होती. मी स्टोअर हवालदार. पावसाळ्यात वाट बंद होणार हे ठरलेलं होतं. किती दिवस, ते कोणीच सांगू शकत नव्हतं. सुभेदारसाहेबांना आकडा हवा होता. मी आकडा दिला नाही, बेत दिला. आठ जणांची पार्टी पर्लकोटा नदीच्या पलीकडे राहणार, तर शिधाही दोन्ही काठांवर अर्धा अर्धा ठेवू. नदी कधीही चढली तरी कोणी उपाशी राहणार नाही.

नाईक मल्लय्या सिरोंच्याचा, मासेमारांच्या घरचा. तो म्हणाला, "हवालदार, तुमी फौजेत काऊन आले? दुकान टाका."

पोती वाटली गेली. काडेपेट्यांची पत्र्याची पेटी मात्र एकच, झाळून बंद केलेली. फोडली तर ओल धरेल, असं मल्लय्याचं मत पडलं. माझंही तेच होतं. पलीकडच्यांना हातापुरत्या काडेपेट्या दिल्या आणि पेटी अलीकडे ठेवली.

नदी चढली ती उतरेना. एका सकाळी वायरलेसवर निरोप आला. "तांदूळ आहे. काड्या भिजल्या. जाळ नाही. दोघांना हिवताप. ओव्हर."

त्यांच्या जवळचं गाव भरलेल्या नाल्यापलीकडे होतं. आमची पार्टी भिजवलेला तांदूळ कच्चाच चावत होती. साहेबांनी पाणी उतरेपर्यंत थांबायला सांगितलं. दुपारी पुन्हा निरोप आला, एक जण शुद्धीवर नाही. मग नदी ओलांडायची परवानगी मिळाली. मी जातो म्हणालो.

"पोहता येते काय तुमाले?" मल्लय्यानं विचारलं.

येत नव्हतं.

"मंग पेटी फोडा."

काड्यांचा डबा पाठीला बांधून तो डोंग्यात बसला. पलीकडच्या हातांत डबा पोचला, तेवढ्यात वाहत आलेलं झाड डोंग्यावर आदळलं. मल्लय्याचा देह दोन दिवसांनी नदीच्या खालच्या अंगाला सापडला.

आठही जण वाचले. बेत चांगला होता म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली. पेन्शनीनंतर मी धानोऱ्याला खरंच दुकान टाकलं. पावसाळ्याआधी माल दोन ठिकाणी ठेवतो, आणि प्रत्येक पेटी आल्याबरोबर फोडतो. धंदा बरा चालतो. मी सुखात आहे, आणि ते सुख कधी कधी टोचतं.

पुराच्या त्या वर्षी सुटी मिळाल्यावर मी सिरोंच्याला त्याच्या बायकोकडे, राजक्काकडे गेलो होतो. सगळं सांगितलं, पेटीचंही. तिनं एवढंच विचारलं.

"भाऊ, मंग ते लोक जेवले काय?"

"जेवले, बाई. त्याच संध्याकाळी."

तिनं मान हलवली आणि माझं ताट वाढायला उठली.