आखरावरचं पार्किंग

शकुन तापट आहे, असं आमच्या गावात सगळे म्हणतात. खोटं आहे ते. शकुनला राग यायला फार उशीर लागला. आमच्या गावात राहून ती इतकी वर्षं गप्प कशी राहिली, हेच मला कोडं आहे.

शकुन गावची गायकी, म्हणजे गावभरची ढोरं चारणारी. हे काम बाप्यांचं. तिचा नवरा देवमन ते करायचा. तो गेला तेव्हा ढोरं सवयीनं आखरावर येऊन उभी राहिली आणि त्यांना न्यायला कोणीच नव्हतं. शकुननं नवऱ्याची काठी उचलली आणि निघाली. कोणाला विचारलं नाही, आणि कोणी नकोही म्हटलं नाही, कारण फुकटात अडचण सुटत होती.

आखर म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. सकाळी लोक दावी सोडतात, गाई-म्हशी आपापल्या पायानं तिथं जमतात आणि मग गायकी त्यांना चरायला नेते. पोळाही तिथंच भरतो. आखर कोणा एकाचा नसतो, सगळ्या गावाचा असतो. आणि जे सगळ्यांचं असतं ते देऊन टाकताना कोणाचंच पोट दुखत नाही.

मी बडनेऱ्याला रेल्वेत होतो. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा आखराच्या पलीकडे विमानतळाचं कुंपण उभं राहिलं होतं. अमरावती-अकोल्याकडच्या माणसांना विमानाचं भारी अप्रूप. आधी एकच छोटं विमान यायचं आणि सारं गाव गच्चीवर चढून माना मोडेपर्यंत पाहायचं. मग विमानं वाढली, धावपट्टी लांबली, काचेची नवी इमारत उठली आणि रस्त्यावर फलक लागला, ‘लवकरच आंतरराष्ट्रीय’. तेवढ्या फलकानंच मोटारींची रीघ लागली. अकोल्याचे व्यापारी, अमरावतीचे डॉक्टर आठ-आठ दिवस गाडी ठेवून उडू लागले. गाड्या ठेवायच्या कुठं? मग पार्किंगच्या नाना तऱ्हा निघाल्या. इमारतीच्या दाराशी उभं राहायचं तर दहा मिनिटं फुकट. समोरचं पार्किंग महाग, त्यामागचं जरा स्वस्त. आणि मोठ्या मुक्कामाच्या गाड्यांसाठी टिनाच्या सावलीचं खास पार्किंग. हे खास पार्किंग आमच्या आखरावर.

ग्रामसभेत सरपंच मोतीरामनं ठराव वाचला. पोरांना नोकऱ्या लागतील म्हणाला. हात भराभर वर गेले. शकुन एकटी उठली.

“आखर देता, तं ढोरं कुठी जमतीन, भाऊ?”

“वयनी, ढोरं आता राह्यली किती?” मोतीराम हसला. “जमाना बदलून राह्यला.”

ढोरं पन्नास-साठ होती आणि त्यातली चार मोतीरामची स्वतःची होती. कुंपणच शेत खातं म्हणतात ते उगाच नाही.

सिमेंट पडलं, पांढऱ्या पट्ट्या आखल्या, दांड्याचं फाटक बसलं. पण ढोरांना ठराव कोणी वाचून दाखवला नव्हता. दावं सुटलं की त्यांचे पाय तिकडंच वळायचे. दांड्याखालून वाकून आत जायचं आणि टिनाच्या सावलीत मोटारींच्या मधोमध रवंथ करत बसायचं. मोतीरामचा गोऱ्हा तर एका काळ्या मोटारीच्या चकचकीत दारात स्वतःलाच पाहून बिथरला आणि दाराला पोचा पाडून आला. पार्किंगच्या ठेकेदाराचा मॅनेजर शकुनवर ओरडायचा. शकुन ढोरं हाकलून बाहेर काढायची आणि रोज शिव्या खायची. ज्यांची ढोरं ते घरात चहा पीत असायचे.

एक दिवस मॅनेजरच्या डोक्यात शहाणपण शिरलं. “मावशी, ढोरं तुमचं ऐकतात. तुम्ही आमच्याकडेच या. शिट्टी देतो, गणवेश देतो, महिन्याचा पगार देतो. फक्त ढोरं आत येऊ द्यायची नाहीत. काठी आहेच तुमच्याकडे.”

ती तशीच माझ्या ओट्यावर आली. काठी ओट्यावर आपटली.

“भाऊजी, ज्या गाईचं वासरू म्या माह्या हातानं वढून काढलं, तिले म्या हानू? मोटारीच्या सावलीसाठी?”

शेजारची बेबीताई भिंतीवरून म्हणाली, “घे नं वं बाई. बसल्या जागी पगार हाय.”

शकुन त्यानंतर महिनाभर बेबीताईशी बोलली नाही. बेबीताईची पांढरी गाय मात्र रोज चारून आणत होती.

श्रावण सरता सरता पोळा आला. पोळा भरवायचा कुठं? मोतीराम मोठी लढाई जिंकल्यासारखा परवानगी घेऊन आला. पार्किंगमध्येच भरवायचा, दोन तास, आणि बैलजोडीमागं एक पावती, कारण पावतीशिवाय दांडा उचलत नाही. यंत्रात बैलजोडी नावाचा प्रकार नव्हता. मॅनेजरनं बरीच बटणं दाबली आणि ‘हलके मालवाहू वाहन’ अशी पावती काढली. शिंगांना बेगड, अंगावर झूल, खांद्याला हळद-तूप लावलेले बैल फाटकासमोर रांगेत उभे आणि धन्याच्या हातात मालवाहू वाहनाची पावती! मी पाहत होतो आणि माझं डोकं फुटायची वेळ आली होती.

वऱ्हाडात पोळ्याच्या दिवशी झडत्या म्हणायची रीत आहे. ज्याला जे सुनावायचं ते यमकात तोंडावर सुनावायचं आणि शेवटी महादेवाचं नाव घ्यायचं. ऐकणाऱ्यांनी ‘हर हर महादेव’ म्हणायचंच, राग धरायचा नाही. झडती बाप्येच म्हणतात. त्या दिवशी शकुन रांगेच्या पुढं जाऊन दांड्याला पाठ लावून उभी राहिली आणि काठी वर करून ओरडली,

“मोटारीले टिनाची सावली, ढोराले उनाची लाही,
आखर गेला दाव्यासंगं, सरपंच म्हने काही नाही!
बैलाच्या सनाले पावती, अन् मानसाले लाज नाही,
हर बोला, हर हर महादेव!”

महादेव एवढ्या जोरानं घुमला की बैल दचकले. शिट्ट्या झाल्या. पोरांनी मोबाइलवर चित्रण केलं. अर्थ न कळता मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या, आणि अर्थ कळून मोतीरामनंही. आणि मग सगळे पावती दाखवून आत गेले. शिवी कळली नसती तर मी गावाला माफ केलं असतं. कळली, आवडली आणि पचलीही.

दुसरा दिवस कराचा, म्हणजे सणानंतरच्या खाण्यापिण्याचा. गावात घरोघरी मटण शिजत होतं. ढोरं नेहमीप्रमाणं पार्किंगमध्ये गेली. पण आज मॅनेजरनं दोन नवी माणसं लाठ्या देऊन उभी केली होती. शकुन पोचेपर्यंत बेबीताईच्या पांढऱ्या गाईचं शिंग फुटलं होतं आणि रक्त डोळ्यावरून खाली गळत होतं.

शकुननं लाठीवाल्यांकडे पाठ केली. तिनं तोंडाजवळ हात नेऊन लांब हाक दिली. मोटारींच्या आडून एकेक ढोर उठलं आणि दांड्याखालून तिच्याकडे आलं. रोज शकुन कुरणाकडे वळायची. आज विमानतळाच्या मोठ्या रस्त्यावर वळली.

मी मागून धावलो. “वयनी, कुठी चालल्या?”

“जिथी फुकट हाय, तिथी.”

काचेच्या इमारतीच्या थेट दारासमोर तिनं ढोरं उभी केली. पहारेकरी धावत आला, हातवारे करू लागला. शकुननं काठीनं वरचा फलक दाखवला. “दहा मिनिटं फुकट लिवलं हाय नं तिथी? मंग? दहा मिनिटं झाले का हालवीन.” आणि खरंच हलवली. चौकातून वळसा घातला आणि परत आणून उभी केली. टॅक्सीवाले रोज हेच करतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. प्रवासी बॅगा डोक्यावर धरून शेणातून वाट काढत होते. तिसऱ्या वळशाला पोलिसांची जीप आली आणि तिच्या मागं हातातलं जेवण टाकून आमचं गाव आलं.

जमादारानं विचारलं, “ढोरं कोणाची? मालकानं पुढं या. दंड मालकाच्या नावावर बसेल. मालकच नसेल तर सगळी कोंडवाड्यात.”

पुढचे लोक मागच्यांच्या आड सरकले. जमादार मोतीरामकडे वळला. “सरपंच, तुम्ही सांगा. यात तुमची किती?”

“आमची नाहीत, साहेब,” मोतीराम म्हणाला. “मोकाट असतीन.”

मोकाट! तेवढ्यात त्याचा गोऱ्हा गर्दीतून वाट काढत आला आणि धन्याच्या सदऱ्याला नाक घासू लागला. मोतीरामनं त्याला ढकललं. आदल्याच दिवशी हा माणूस कॅमेऱ्यासमोर बैलांच्या पाया पडला होता. जमादारानं एकेकाला विचारलं. सगळ्यांनी मान हलवली. बेबीताईनं रक्तानं माखलेल्या आपल्या गाईकडे एकदा पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “माही नाही.”

मला त्या क्षणी साऱ्या गावाला काठीनं बडवावंसं वाटलं. काठी शकुनच्या हातात होती, पण तिनं ती जमिनीवर टेकवली.

“लिवा, साहेब. सारे माहे हायेत.”

“सगळी ढोरं तुमची?”

“हाव. थे म्हैस माही, थे गाय माही, थो गोऱ्हाही माहाच. शकुन देवमन, असं लिवा. दंड मीच भरीन.”

जमादारानं लिहिलं. तिनं अंगठा दिला. बला टळली म्हणून सगळे गावकरी मटणाकडे परतले.

दिवेलागणीला ढोरं गावात आली, पण घरोघर गेली नाहीत. शकुननं ती आपल्या घरामागच्या पडक्या जागेत नेली आणि जागेच्या तोंडाशी बाभळीची फांदी आडवी लावली. घटकाभरानं मोतीराम आला. मागं बेबीताई, तिच्यामागं अर्धं गाव, सगळ्यांच्या हातात दुधाची रिकामी भांडी. गावातल्या गोठ्यांतून वासरं हंबरत होती आणि फांदीआडून गाई त्यांना साद देत होत्या.

“वयनी, झालं गेलं जाऊ द्या,” मोतीराम म्हणाला. “गाय सोडा. धारेची येळ झाली.”

शकुन आत गेली, त्याची गाय शिंगाला धरून फांदीपाशी घेऊन आली आणि त्याच्यासमोर उभी केली.

“साहेबाले काय सांगतलं होतं, भाऊ? तेच आता हिच्या तोंडावर सांगा.”