लालबाग अपडेट होतंय!

डॉक्टर आणि कॉम्प्युटरवाला, या दोघांना लोक थेट आतल्या खोलीत नेतात. मी आणि माझा मित्र सुभाष लालबागला कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा चालवायचो, तेव्हा चाळीतल्या फारशा घरांत इंटरनेट नव्हतं. सिस्टिमचं अपडेट आम्ही दादरला उतरवून घ्यायचो, सीडीवर टाकायचो आणि घरोघर जाऊन बसवायचो. एकदा सीडी घातली की मग काम काय, तर स्क्रीनवरची पट्टी सरकताना बघत बसायचं! घरातली माणसं बोलायला लागायची. मग किस्से जमणार नाहीत तर काय होणार?

*

दादरचा सायबर कॅफे वर्तकांचा. बोलणं एकदम शुद्ध, पण माणूस दिलदार! सकाळी शटर उघडलं की कोपऱ्यातलं एक मशीन आमच्यासाठी सोडायचे. आमचं डाउनलोड सुरू झालं की बाकीच्यांचं नेट रांगायला लागायचं.

एकदा एक कॉलेजकुमार वैतागला. "काका, आज नेट एवढं स्लो का?"

वर्तकांनी चष्म्यावरून बघितलं. "जरा दम धरा. लालबाग अपडेट होतंय!"

गिऱ्हाईक उठून गेलं तरी चालेल, पण आम्हाला त्यांनी कधी उठवलं नाही. असली माणसं भेटली म्हणून धंदा उभा राहिला, नाहीतर आम्हाला कोण विचारत होतं!

*

रेडकर काकूंची खानावळ होती. गिरणीच्या संपात नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा डबे द्यायला लागल्या, त्यातूनच पुढे मुलीला कॉम्प्युटर घेऊन दिला. पहिल्यांदा अपडेट टाकायला गेलो तर काकू शेजारीच उभ्या.

"ह्या काय करतास रे?"

"काकू, आतली सगळी सिस्टिम नवीन होतेय."

काम संपलं. काकूंनी कॉम्प्युटर पुढून बघितला, मागून बघितला. "भायरसून तसोच दिसता! वायच रंग तरी लावूचो होतो!"

पण आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बांगड्याचं तिखलं आणि भात. सुभाष उठताना म्हणाला, "काकू, अपडेट तर आमचं झालं!"

*

पुढे पेन ड्राइव्ह आले. माहीमच्या कोळीवाड्यात पारूमावशी मासळी विकायची. तिच्या मुलीच्या कॉम्प्युटरला सुभाष पेन ड्राइव्ह लावणार, तेवढ्यात मावशी ओरडली, "थांब! ही काडी कुठं कुठं जाऊन आली?"

"बरीच घरं फिरलीय, मावशी."

"मग आधी धू तिला! दहा ठिकाणी तोंड घातलेली काडी माझ्या पोरीच्या मशीनला नको!"

सुभाषने तिच्या समाधानासाठी रुमालाने पुसली. आणि लावली मात्र, कॉम्प्युटर बोंबलायला लागला... व्हायरस!

त्या दिवसापासून गाळ्यातून निघताना आम्ही एकमेकांना विचारायचो, "काडी धुतलीस का रे?"

*

प्रभादेवीच्या एका आजींनी तर दसऱ्याला अपडेटच्या सीडीला हळदकुंकू लावलं. तेही चकचकीत बाजूला! ड्राइव्ह घुर्र घुर्र करतोय, वाचत काहीच नाही. मी हळूच सीडी काढून शर्टाला पुसली आणि परत घातली. चालली! आजी हात जोडून म्हणाल्या, "बघ, श्रद्धा लागते!"

शर्ट मात्र कायमचा गेला.

*

खोताच्या वाडीत फर्नांडिस अंकल एकटेच राहायचे. शनिवारी त्यांच्याकडे अपडेट लावलं आणि "झालं की आपोआप बंद होईल" असं सांगून निघालो. रविवारी त्यांचा फोन आला.

"अरे, मी चर्चला जाऊ की नको?"

"म्हणजे काय, अंकल?"

"कालपासून स्क्रीनवर लिवलाय, प्लीज कॉम्प्युटर बंद करू नका. मी बसलोय इथेच."

मशीन कधीच अडकून पडलं होतं! मी म्हटलं, "अंकल, बटण दाबून सरळ बंद करायचा ना!"

"असा कसा बंद करू? प्लीज म्हणतोय रे तो!"

*

माझे बाबा गिरणीत विणकर. संप झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. नंतर एका सोसायटीत वॉचमन झाले, पण गिरणीच्या रस्त्याने कधी गेले नाहीत. लांबचा वळसा पडला तरी चालेल. आम्हीही कधी विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली. तिथल्या एका ऑफिसने आम्हाला बोलावलं. त्यांचे कॉम्प्युटर सुरक्षेसाठी नेटपासून मुद्दाम तोडून ठेवलेले, त्यामुळे अपडेट हातानेच टाकायचं होतं. सकाळी निघताना बाबांनी विचारलं, "कुठे चाललास?" मी चाचरत सांगितलं. ते आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

"मी येऊ?"

सुभाषने गेटवर त्यांचाही पास काढला. वर गेल्यावर बाबा काचेपाशी उभे राहिले. खाली गिरणीची जुनी चिमणी तेवढी शिल्लक होती. चिमणीकडे बघत त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं आणि म्हणाले, "म्हणजे आमचं मागांचं खातं याच अंगाला."

आम्ही एकेका कॉम्प्युटरला अपडेट लावत गेलो. बघतो तर बाबा पाठीमागे हात बांधून दोन रांगांच्या मधून फिरतायत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, दोन्ही बाजूंच्या स्क्रीनवर नजर ठेवून. एखादी पट्टी भरली की तिथूनच हाक द्यायचे, "हा झाला रे!" मी बसायला खुर्ची दिली. बसले नाहीत. सुभाष माझ्या कानात म्हणाला, "फिरू दे त्यांना." काम संपेपर्यंत ते तसेच फिरत राहिले.

निघताना तिथली तरुण मॅनेजर दारापर्यंत आली. बाबांना म्हणाली, "थँक यू, काका. तुम्ही पण इथेच काम करता?"

"हो," बाबा म्हणाले. "मध्ये जरा खाडे झाले."