यांकोरोच्या मापाचा कोट

कोलंबियात ऊस आहे तोवर हिरोन गावच्या आम्हा रोमा जमातीच्या तांबटांना मरण नाही, असं मिलानोमामा म्हणायचा. गुळाच्या काहिली ठोकता ठोकता त्याचं पोटही काहिलीच्याच घाटाचं झालं होतं. त्याचा जोडीदार यांकोरो मात्र फुंकणीसारखा. तोच आधी गेला.

वर्ष भरलं की आम्ही गेलेल्याच्या नावानं जेवण घालतो. त्याच्याच वयाच्या एकाला नवे कपडे चढवतो. त्या दिवसापुरता तो म्हणजेच गेलेला माणूस. तो पोटभर जेवला की गेलेल्याची वाट मोकळी होते, घरच्यांचा दुखवटा सुटतो. हा मान मामाला मिळाला. कपडे घालणाऱ्याच्या मापाचे शिवतात. पण यांकोरोच्या बायकोनं, लुलूजीनं, कोट शिवून घेतला तो नवऱ्याच्या मापाचा!

"सांगा तिला कुणीतरी," माझी आई म्हणाली.

"खबरदार!" मामा गरजला. "वर्षात पहिल्यांदा ती हौसेनं काही करतेय. कोट नाही बदलायचा. मी बदलतो."

"तू? अरे भाऊ, देवानंसुद्धा नाद सोडलाय तुझा."

मामा महिनाभर दिवसाला एक वाटी सूप पिऊन राहिला. भुकेनं त्याला दुपारी भलतंच दिसू लागलं. तांब्याच्या पत्र्यावर ऊन सांडलं की त्यातून यांकोरो, तळ्यातून यावा तसा, अलगद वर यायचा आणि पालथ्या काहिलीवर बसायचा.

"काही बोलतो का?" मी विचारलं.

"बोलतोय कसला! समोर बसून भाजलेलं डुक्कर खातो, मेला."

जेवणाच्या दिवशी कोट चढला. गुंड्यासुद्धा लागल्या. मामा श्वास रोखून, ढगावर ठेवल्यासारखा मेजापाशी बसला. लुलूजी त्याच्याकडे बघतच राहिली.

"खा ना, यांको," ती हलकेच म्हणाली. "गार होतंय."

मामानं घास घेतला आणि पाठीची शिवण मानेपासून कमरेपर्यंत टर्रकन उसवली. मामाचा चेहरा एवढासा झाला.

"वहिनी, मी..."

"माझा यांको एवढा कधीच नव्हता," लुलूजी म्हणाली आणि फसकन हसली. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. "तो नाही आला, मिलानो. तो गेलाय."

"गेलाय, वहिनी."

तिनं आतून कात्री आणली आणि बाह्यांच्या शिवणी स्वतःच्या हातानं उसवल्या. "जेव आता पोटभर," ती म्हणाली. "त्याला लांब जायचंय."