कोठ्यातली सुमी

दादाचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या बाजारात मेथी निवडत होते. "सुमी गेली वं," तो म्हणाला. तीन दिवसांचा ताप, डोक्यात चढला म्हणे. केनवडच्या पुढे आमच्या गावी पोचले, तोवर तिला न्यायची तयारी झाली होती. तोंडावर ओढणी होती. जिवंतपणी ती स्वतः ओढायची, आज कोणीतरी नीट ओढून दिली होती...

सुमी माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. जन्मतःच वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, डावा पाय आत वळलेला. लहानपणी एका शिबिरात ओठाला टाके घातले, ते उसवले. पुन्हा कोणी नेलं नाही. "पोरीची जात, देवानं देलं तसं राहू द्या," असं घरात ठरलं. तिचं बोलणं नाकातून यायचं, लोकांना कळायचं नाही. मला सगळं कळायचं. शेजारणी मलाच विचारायच्या, "काय म्हन्ते वं ते?" शाळेत पोरं "फाटकी, फाटकी" करत मागे लागायची, तेव्हा चौथीनंतर तिने शाळा सोडली. जेवतानाही ओढणीचं टोक एका हातात असायचं.

मला पाहायला पाहुणे आले त्या दिवशी तिला मीच म्हणाले, "सुमे, थोडा वेळ कोठ्यात बस ना वं." माय बोलली नव्हती, बाबा बोलले नव्हते. त्यांच्या मनात असेलही, पण तोंड माझं उघडलं. पाहुण्यांचे पोहे सकाळी उठून तिनेच केले होते. "मले फटीतून पाव्हना दिसन का?" एवढंच तिने विचारलं. "दिसन," मी म्हणाले. ती पाय ओढत गेली आणि दोन तास बैलांजवळ बसून राहिली. ओसरीत सासूबाईंनी विचारलं, "भावंडं किती तुमी?" मी खाली मान घालून म्हणाले, "दोघं. मी अन् दादा." लग्न जमलं. अल्बममध्ये सगळं गाव आहे, माझी बहीण नाही. मेली एकदा तरी रागावली असती माझ्यावर!

तेरवीच्या फ्लेक्ससाठी फोटो शोधला, तर घरभर एकच निघाला, अपंगत्वाच्या दाखल्यावरचा. तिथल्या साहेबाने ओढणी काढायला लावली होती, म्हणून तेवढं तोंड उघडं. फ्लेक्सवाल्याने तो मोठा करून पाहिला. "ताई, ओठ नीट करून देऊ का? दोन मिन्टाचं काम हाय." आणि मी हो म्हणाले. अहो, बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? बत्तीस वर्षांत झालं नाही ते माझ्यासमोर दोन मिनिटांत झालं.

फ्लेक्स चौकात लागला. "पोरगी देखनी होती की वं," बाया म्हणाल्या. माय काठी टेकत आली आणि मान वर करून बराच वेळ पाहत राहिली.

"हे कोन व्हय?"

"माय, आपली सुमी."

"नाई वं. कोनाची तरी पोरगी हाय हे. माह्या सुमीले कायले झाकलं तुमी? आता तरी दिसू द्याचं होतं तिले..."

मी घरी येऊन सरळ कोठ्यात शिरले. बैल कधीच विकले, पण ती बसायची तो दगड तिथेच आहे. त्यावर बसले, फटीला डोळा लावला. पाहुण्याची जागा तिथून दिसतच नाही. दिसते ती समोरची जागा, जिथे मी पोह्यांची बशी घेऊन बसले होते. इतकी वर्षं मी स्वतःला एकच समजावत आले की सुमी आत होती, ओसरीत मी काय बोलले ते तिला काय ठाऊक.

तेवढ्यात ओसरीत दादा कोणाशी तरी फोनवर बोलू लागला, अगदी हळू आवाजात. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.